नव्वद सेंटांचा हिशेब

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेर वड्यांचा वास सुटलेला असताना ताळेबंदावर बोलायला उभं राहणं म्हणजे धाडसच. पण लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करणारी आपण माणसं, तेव्हा एका मोठ्या कंपनीची वही अर्धा तास उघडायला हरकत नसावी. मी पेशाने संगणकवाला. गाडीच्या बॉनेटखाली काय असतं ते समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, कारण डेट्रॉईटच्या परिसरात राहून गाड्यांच्या धंद्याशी संबंध नसलेलं मराठी घर शोधावंच लागतं. म्हणूनच हा विषय निवडला.

वही आहे जनरल मोटर्सची, वर्ष २०१४. त्या वर्षी कंपनीची उलाढाल होती सुमारे १५६ अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ आदल्या वर्षाइतकीच. पण समभागधारकांच्या वाट्याचा नफा ३.८ अब्जांवरून २.८ अब्जांवर आला. विक्री तेवढीच, मग एक अब्ज गेले कुठे? कारणं अनेक होती, पण सगळ्यांत ठळक एकच: रिकॉल. पहिल्या तिमाहीत रिकॉलपोटी १.३ अब्ज डॉलर खर्ची पडले, दुसऱ्या तिमाहीत आणखी १.२ अब्ज. वर्षभरात कंपनीने जगभरातल्या सुमारे ३ कोटी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

या सगळ्याची सुरुवात झाली एका इग्निशन स्विचपासून. शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा छोट्या गाड्यांमध्ये किल्ली फिरवण्याचा हा स्विच. किल्ली 'रन'वर घट्ट बसावी म्हणून त्यात एक स्प्रिंग आणि एक छोटा खिट्टीसारखा भाग असतो. तो कमजोर होता. किल्ल्यांचा जुडगा जड असला किंवा गुडघ्याचा धक्का लागला, की किल्ली आपोआप मागे फिरायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि मुख्य म्हणजे एअरबॅग बंद! जिथे एअरबॅगची गरज, नेमकी तिथेच ती उघडणार नाही.

हे कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. २००५ साली डीलरांना सूचना गेली होती, की गिऱ्हाईकाला किल्लीच्या जुडग्यातल्या जास्तीच्या वस्तू काढायला सांगा. त्याच वर्षी सुधारित स्विचचा प्रस्तावही आला होता. हिशेब मांडला गेला: गाडीमागे ९० सेंट जास्त खर्च, आणि वॉरंटीत बचत फक्त १० ते १५ सेंट. धंद्याच्या दृष्टीने परवडत नाही, असा निष्कर्ष निघाला.

मंडळी, हा गुणाकार आपण इथेच करू. पुढे या स्विचसाठी परत बोलावल्या गेलेल्या गाड्या होत्या २६ लाख. प्रत्येकी ९० सेंट धरले, तर होतात साधारण साडेतेवीस लाख डॉलर. साचे बदलण्याचा खर्च वेगळा धरा. आता दुसरी बाजू बघा. २०१५ साली अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीने भरले ९० कोटी डॉलर. अपघातग्रस्तांसाठी काढलेल्या निधीतून वाटले गेले ५९ कोटींहून जास्त. आणि त्या निधीने या दोषामुळे झालेले म्हणून मान्य केलेले मृत्यू होते १२४. हा शेवटचा आकडा कुठल्याच रकान्यात बसत नाही. ९० सेंटांच्या त्या हिशेबातही तो कुठे नव्हता, कारण 'वॉरंटी खर्च' या रकान्यात माणूस मोजलाच जात नाही.

तुम्ही म्हणाल, लबाड लोक! पण मला तेवढ्याने समाधान होत नाही. माजी सरकारी वकील अँटन वालुकस यांनी चौकशी करून २०१४च्या जूनमध्ये अहवाल दिला. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. इंजिनिअर मंडळींनी हा दोष 'ग्राहकाची गैरसोय' या खात्यात टाकला होता, 'सुरक्षितता' या खात्यात नाही. त्यांचा तर्क असा, की गाडी बंद पडली तरी वळवता येते. आपणच बनवलेल्या गाडीत किल्ली फिरली की एअरबॅगही बंद होते, हे त्यांनी जोडून पाहिलंच नाही. २००७ साली विस्कॉन्सिनच्या एका पोलीस अधिकाऱ्याने अपघाताच्या अहवालात हा संबंध लिहिला होता. तो अहवाल कंपनीच्या दप्तरात पडून होता. स्विचवाले एका खोलीत, एअरबॅगवाले दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या भिंतीला दार नाही.

आता माझ्या पेशाची गोष्ट. २००६ साली तो स्विच गुपचूप सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! आमच्या भाषेत सांगायचं, तर प्रोग्राम बदलला पण व्हर्शन तेच. आमच्याकडे कोणी असं केलं तर रात्री दोन वाजता फोन येतो आणि शिव्या बसतात. इथे काय झालं? कंपनीचेच तपासनीस वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसले, की जुन्या गाड्यांतच एअरबॅग का उघडत नाहीत आणि नव्यांत का उघडतात? कागदावर तर स्विच एकच! शेवटी एका दाव्यात वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा २०१३ साली फरक उघड झाला. एक नंबर न बदलल्यामुळे वर्षं वाया गेली. आणि त्या वर्षांत लोक त्याच गाड्या चालवत होते.

अहवालात आणखी एक मजेदार शब्द आहे: 'जीएम नॉड'. म्हणजे बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची, आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही. आपल्याकडे याला नंदीबैल म्हणतात! २००८ सालच्या एका प्रशिक्षणात तर कर्मचाऱ्यांना शब्दांची यादीच दिली होती, की हे कागदावर लिहू नका. 'डिफेक्ट' नको, 'रचनेप्रमाणे काम करत नाही' असं लिहा. 'प्रॉब्लेम' नको, 'इश्यू' लिहा. हसू नका, आम्ही सॉफ्टवेअरवालेही 'बग'ला 'फीचर' म्हणतोच. पण शब्द गुळगुळीत केला की धोकाही गुळगुळीत वाटू लागतो.

या प्रकरणात १५ जणांची नोकरी गेली. कंपनीने चुका बोलून दाखवण्यासाठी 'स्पीक अप फॉर सेफ्टी' नावाचा उपक्रम सुरू केला. आणि हिशेबाची पद्धतही बदलली. आधी उत्तर अमेरिकेत रिकॉल जाहीर झाला की खर्च लिहीत. २०१४च्या दुसऱ्या तिमाहीपासून गाडी विकतानाच पुढच्या रिकॉलचा अंदाज बाजूला काढू लागले. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांसाठी त्यांनी एकदम ८७.४ कोटी डॉलरची तरतूद केली. हे शहाणपणाचं आहे. पण तरतूद म्हणजे पैशांची सोय, दोष थांबवण्याची नव्हे. दोष थांबवतो तो वेळेवर तोंड उघडणारा माणूस.

आणि तो माणूस या सभागृहात बसलेला असू शकतो. आपल्यातले कितीतरी जण सुटे भाग तपासतात, चाचण्यांचे आकडे भरतात, कोणत्यातरी कागदावर सही करतात. ज्यांचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे त्यांना बोलणं जड जातं, हे मी जाणतो. 'उगाच कशाला डोळ्यावर यायचं?' हा सल्ला आपल्या घराघरात मिळतो. माझं मागणं छोटं आहे. आरडाओरडा करू नका. पण जे दिसलं ते सरळ शब्दांत लिहून ठेवा, तारखेसह. भाग बदलला तर नंबर बदला. आणि मान डोलवून बाहेर पडलात, तर त्याच दिवशी विचारा, 'हे नक्की कोण करणार आहे?'

आणि घरच्यांसाठी एक काम: सरकारच्या एनएचटीएसए या खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीचा व्हिन नंबर घालून रिकॉल बाकी आहे का ते बघा. दुरुस्ती सहसा मोफत असते, आणि मोफत गोष्ट सोडायची आपली रीत नाही!

वडे गार व्हायच्या आत थांबतो.