आगबोट कंपनीतून वॉशिंग्टनला

अध्यक्षमहाराज आणि न्हावा-शेव्याच्या श्रोतेहो,

1984 चं जमिनींसाठीचं आंदोलन, त्यातले पाच हुतात्मे, 1989 मध्ये सुरू झालेलं बंदर, हे सगळं तुमच्या घरातलं आहे. ते मी तुम्हाला काय सांगणार? मी एकच गोष्ट ठासून मांडायला आलोय. जहाजांच्या भाड्यासाठी ज्यानं झुंज दिली, त्याला परराष्ट्राशी बोलणी कशी करावीत हे कुणी शिकवावं लागत नाही. माझा पुरावा गगनविहारी लल्लुभाई मेहता. 1952 ते 1958 ते अमेरिकेत आपले राजदूत होते. त्याआधी उमेदीची वर्षं त्यांनी सिंदिया आगबोट कंपनीत काढली.

मागून कुणी तरी विचारतंय, मराठी माणूस मिळाला नाही का? अहो, गगनविहारींचे थोरले बंधू वैकुंठभाई मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते, त्यांच्या नावाची सहकार संस्था पुण्यात आहे. आणि सिंदिया उभी करणाऱ्यांत गगनविहारींच्या वडिलांबरोबर सोलापूरचे वालचंद हिराचंद होते! (टाळ्या) टाळ्या वालचंदांना. पण मेहतांना परकं समजू नका.

आता सिंदियाचं जहाज ‘लॉयल्टी’. 5 एप्रिल 1919 ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. मूळचं कॅनडाच्या कंपनीचं, मग ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आलेलं, महायुद्धात इस्पितळ झालेलं. शिंद्यांवरूनच कंपनीला नाव मिळालं. आपण 5 एप्रिलला सागरी दिन पाळतो तो याच प्रवासामुळे. पण जहाज निघालं म्हणजे धंदा चालला असं नव्हे. समोर लॉर्ड इंचकेप, पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपनीचे धनी. त्यांनी भाडी पाडली. तोटा सोसण्याची ऐपत त्यांची, सिंदियाची नाही. त्यांनी कंपनी विकत मागितली. वालचंदांनी दिली नाही. शेवटी 1923 मध्ये करार झाला, त्यात दहा वर्षं किनाऱ्यापुरतंच राहायचं आणि टनेजवरही मर्यादा. जाचक करार! पण कंपनी जिवंत राहिली. पुढं गगनविहारी कलकत्त्याच्या कचेरीत बसले ते याच कराराच्या छायेत. बलाढ्याशी वैर न वाढवता हक्क सोडायचा नाही, हे तिथं रोज करावं लागे. 1928 मध्ये किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक आलं, तेही सिंदियाच्याच हाजी नावाच्या अधिकाऱ्यानं मांडलेलं. 1939 मध्ये कोकण किनाऱ्यावरची बॉम्बे स्टीम कंपनी सिंदियाकडे आली. इथल्या आजोबांनी त्या बोटींतून प्रवास केला असेल. हो ना? बघा, हात वर झाले!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. फिक्कीचं अध्यक्षपद, टॅरिफ बोर्ड, नियोजन आयोग हे सोडून देतो. 1955 मात्र सोडणार नाही.

15 ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर आपले सत्याग्रही गोळ्या झेलत होते. त्याच महिन्यात ह्यूस्टनच्या विमानतळावर आपल्या राजदूताला उपाहारगृहाच्या मुख्य दालनातून उठवून वेगळ्या खोलीत बसवलं. कातडीच्या रंगामुळे. महापौरांनी माफी मागितली, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनीही. आणि डिसेंबरात त्याच डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबतच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं! ऑगस्ट 1956 मध्ये भारताला धान्य देण्याचा पीएल-480 करार झाला, तोही याच सरकारशी. आधी अपमान, मग गोवा, मग गहू, आणि या सगळ्यात दारात उभा एकच माणूस. चिडून तो परतला असता तर आपण त्याला नावं ठेवली नसती. पण इंचकेपच्या करारातून तावून-सुलाखून निघालेल्या कंपनीचा तो माणूस होता. असा गृहस्थ टेबल सोडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. न्हाव्याच्या रहमान ट्रेनिंग शिपमधून पोरं समुद्रावर जातात, बाकीची कंटेनरच्या गोदामांत, म्हणजे सीएफएसमध्ये, लागतात. पण जहाजाचं भाडं ठरतं त्या टेबलावर आपला मुलगा, आपली मुलगी बसलेली मला हवी आहे. भाडेकरार, विमा, सागरी कायदा इथल्या महाविद्यालयात शिकवा. बंदरासाठी जमिनी गेल्या त्या घरांतल्या मुलांना तरी पहिली जागा द्या.

वेळ संपली. 1958 नंतर गगनविहारी मुंबईत आयसीआयसीआयचे अध्यक्ष झाले, 1974 मध्ये गेले. टॅरिफ बोर्डाचं राहिलं. ते प्रश्नोत्तरांत विचारा.