पेशीचे कान



पावसाळ्यात आम्हा भोपाळकरांच्या तोंडी एक आकडा असतो: १६६६.८० फूट. ही आमच्या बडा तालाबची पूर्ण भरल्याची पातळी. हा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला, असं परंपरा सांगते. कोलांस नदी तो भरते. पातळी या आकड्याला टेकली आणि वर पाऊस सुरूच राहिला, की १९६५ साली बांधलेल्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. दरवाजे ११ आहेत. येवा जेवढा, त्या हिशेबाने विसर्ग. पाणी सतत येत-जात राहतं, म्हणूनच पातळी जागेवर राहते.

अशीच एक पातळी, स्वतःच्या चेतण्याची, आपल्या मेंदूतली प्रत्येक चेतापेशी सांभाळते. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एकेका पेशीला हजारो ठिकाणांहून निरोप येत असतात. जिथे एक पेशी दुसरीला निरोप देते, त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. तिथे दोघींमध्ये अतिशय बारीक फट असते. निरोप देणारी पेशी त्या फटीत एक रसायन सोडते, पुष्कळदा ग्लुटामेट. ऐकणाऱ्या पेशीच्या अंगावर ते रसायन ओळखणारे रेणू असतात. हे रिसेप्टर. त्यांना पेशीचे कान समजा. कान जास्त असले, तर तोच निरोप मोठ्याने ऐकू येतो. कमी असले, तर हळू.

आपण काही शिकतो, तेव्हा वापरातले सायनॅप्स बळकट होत जातात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली ही कल्पना मांडली. पण तिच्यात एक धोका आहे. सायनॅप्स बळकट झाला की पेशी जास्त चेतते, म्हणजे स्वतःही जास्त निरोप धाडते, आणि पेशी जास्त चेतली की सायनॅप्स आणखी बळकट होतो. याला आवर नसेल तर मेंदूत वणवा पेटेल. आवर असतो. तो कुठे आहे, हे १९९८ साली एका सुंदर प्रयोगातून दिसलं.

अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जिना तुरिजियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरासारख्याच, पण आकाराने मोठ्या असलेल्या रॅट या प्राण्याच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. फुग्या माशात सापडणारं विष घालून त्यांनी या पेशींचं चेतणं बंद पाडलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर एकेका छोट्या निरोपाला पेशी आधीपेक्षा मोठा प्रतिसाद देत होत्या. शांतता पसरली, तशी त्यांनी आपली ऐकण्याची ताकद वाढवली होती. दुसऱ्या बशीत उलट केलं. पेशींना शांत करणारे निरोप अडवले. पेशी आधी बेफाम चेतू लागल्या, पण दोन दिवसांत आपोआप पुन्हा जुन्या वेगावर आल्या. या वेळी त्यांनी ऐकणं कमी केलं होतं.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढे आहे. पेशीने सगळे सायनॅप्स एकाच प्रमाणात वाढवले किंवा घटवले होते. समजा, तीन सायनॅप्सची ताकद दोन, चार आणि सहा होती, तर ती तीन, सहा आणि नऊ झाली. गवई काळी एकमध्ये गात असो की काळी चारमध्ये, यमन यमनच राहतो. षड्ज वर सरकला की बाकीचे सूरही त्याच प्रमाणात वर सरकतात. तसंच इथे. शिकलेलं ज्या लहानमोठेपणात साठवलेलं असतं, तो लहानमोठेपणा शाबूत राहतो. आठवण न पुसता आवाज तेवढा बदलतो.

भदभद्याला पाण्याची पातळी माणसं मोजतात. पेशीत हे काम कॅल्शियम करतं. पेशी चेतली की कॅल्शियम आत शिरतं. ते फार दिवस कमी पडलं, तर पेशी जास्त रिसेप्टर पृष्ठभागावर पाठवते. जास्त झालं, तर काही आत ओढून घेते. हे क्षणात होत नाही. त्याला तास लागतात, दिवस लागतात.

हे ज्ञान आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत येतं. झोपेच्या अनेक गोळ्या मेंदूतला शांत करणारा निरोप मोठा करून ऐकवतात. त्या महिनोन्‌महिने रोज घेतल्या, की पेशी त्या वाढलेल्या आवाजाशी जुळवून घेतात आणि त्या निरोपाला कमी दाद देऊ लागतात. मग एखाद्या दिवशी घरातलं कुणी म्हणतं, ‘पुरे झाल्या गोळ्या’, आणि डबा फेकून देतं. गोळी थांबते, पण पेशींचे कान अजून बोथटच असतात. शांत करणारा निरोप त्यांना पुरेसा ऐकूच येत नाही. झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. कधी फिटही येते. आजी-आजोबांच्या बाबतीत हे ‘वयाचं’ म्हणून सोडून दिलं जातं.

म्हणून कळकळीने सांगते. झोपेची गोळी असो वा फिटचं औषध, ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर मात्रा हळूहळू, आठवड्या-आठवड्याने उतरवतात, तेव्हा तो वेळकाढूपणा नसतो. तेवढ्या दिवसांत एकेक पेशी आपले कान पुन्हा जुळवून घेत असते. तिला तो वेळ द्या.