अक्षरांची मालकी
(मंडळाच्या कानोता येथील स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



ज्या कानोता गावी आज आपण जमलो आहोत, तेथील अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ पर्यंत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड आहेत. लिहिणारा जाऊन ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. तरी ते वाचण्यासाठी शाई विकणाऱ्या दुकानदाराची अनुमती घ्यावी लागत नाही. ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते, की तिचे मोल ध्यानी येत नाही.

मला ते या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या कामात कळले. जुन्या स्मरणिकांचा मजकूर आणि सभासदांची नोंदवही संगणकात जपून ठेवली होती. फाइल उघडली, तो पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचे व चिन्हांचे कडबोळे! ज्या प्रणालीत तो मजकूर भरला होता ती केव्हाच बंद पडली होती, आणि कोणत्या संकेतांकामागे कोणते अक्षर, याची किल्ली तिच्या निर्मात्यापाशीच राहिली होती. शब्द आपले, कुलूप मात्र दुसऱ्याचे. छापील प्रतींवरून स्मरणिकांचा मजकूर पुन्हा टंकित केला. नोंदवहीची छापील प्रत नव्हती. परगावी गेलेल्या कित्येक जुन्या सभासदांना या सोहळ्याचे निमंत्रण धाडता आले नाही, ते याच कारणाने.

संगणकाला मराठीची ओळख नव्हती, तेव्हा अशा खाजगी प्रणालींनीच आपली लिपी पडद्यावर आणली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रत्येकाने आपली संकेतव्यवस्था निराळी ठेवली, आणि ग्राहक तिच्यात अडकून पडला. यावरचा उपाय म्हणजे सर्वांसाठी प्रकट असलेले मानक. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे ‘इस्की’ आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत ‘क’चा संकेतांक ०९१५, तो कोणीही वापरावा. मराठीतील ‘ॲ’ला तीत स्वतंत्र स्थान नव्हते; ते २००८ मध्ये मिळाले. खुल्या मानकातील उणीव अशी सर्वांसमक्ष दूर करता येते.

पगारपत्रके, भांडारनोंदी, हिशेब यांच्या मोठ्या प्रणालींनाही हाच न्याय लागू आहे. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये जाहीर केले. खुले मानक म्हणजे फुकट माल नव्हे. प्रणाली कोणीही करावी, तिचे दामही घ्यावेत. मात्र ग्राहकाला आपली माहिती घेऊन दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी असावी.

आपल्यापैकी अनेकजण कचेऱ्यांतून अशा खरेदीवर सही करतात. त्यांना एकच विनंती: सही करण्यापूर्वी विचारा, “उद्या तुम्ही नसलात, तर आमची माहिती आम्हाला वाचता येईल काय?”

ही स्मरणिका आपण युनिकोडात जतन करीत आहोत, आणि कागदावरही. आणखी पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना ती कोणाच्याही अनुमतीवाचून उघडता यावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.