पिवळ्या दिव्याची साक्ष



या व्यासपीठावर राष्ट्राच्या आणि समाजाच्या थोर प्रश्नांची चर्चा होते, आणि ती व्हावीच. आज आम्ही घेतलेला विषय त्या मानाने लहान आहे. मोटारीत स्टीअरिंगसमोर एंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला म्हणजे काय करावे, एवढाच तो विषय. पण ज्या टॅक्सीचालकांच्या संघटनेत आम्ही काम करतो, त्यांच्याकडे हा दिवा लागला की घरचा महिन्याचा हिशेब विस्कटतो. म्हणून आम्हांला तो लहान वाटत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी होत्या, तेव्हा जुना मिस्त्री बॉनेट उघडून कान लावी आणि कार्बुरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवी. त्या टॅक्सींचा जमाना २०२३ साली संपला. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे एक संगणक ठरवतो. त्याला स्वतःला डोळे नाहीत. आत आलेली हवा, पाण्याची उष्णता, क्रँकचा वेग, धुरात उरलेला प्राणवायू यांच्या बातम्या त्याला सेन्सर पुरवतात. बातम्यांचा मेळ बसेना, की तो एक आकडा टिपून ठेवतो आणि दिवा लावतो.

ही व्यवस्था मुळात ग्राहकाच्या सोयीसाठी झालेली नाही. ती हवेच्या शुद्धतेसाठी झाली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० पासून, बीएस-चारच्या नियमांबरोबर, ती टप्प्याटप्प्याने आली. तिचा आपल्याला झालेला फायदा असा, की कंपनी कोणतीही असो, स्टीअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे एकच ठरलेले सॉकेट असते. काही शे रुपयांपासून मिळणारे कोड वाचण्याचे यंत्र, ज्याला आमची ड्रायव्हर मंडळी स्कॅनर म्हणतात, ते तेथे लावावे, एंजिन चालू न करता किल्ली फिरवावी, आणि आकडा वाचावा. वाचल्याबरोबर तो कागदावर लिहून घ्यावा. पुसण्याची घाई करू नये. कारण दोष घडला त्या क्षणी वेग किती होता, एंजिन किती तापले होते, याची नोंदही संगणकाने ठेवलेली असते, आणि आकड्याबरोबर तीही पुसली जाते.

आता मुख्य मुद्दा. आकडा म्हणजे निकाल नव्हे. आकडा म्हणजे साक्ष. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

आमच्या एका सभासदाच्या गाडीने पी ०१७१ हा आकडा दाखवला. त्याचा अर्थ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. ही बातमी दिली होती धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरने. गॅरेजात तोच सेन्सर बदलला, पैसे घेतले, दिवा पुसला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर! मंडळी, कारखान्यात यंत्रातून आवाज येतो असे जो कामगार सांगतो, त्यालाच कामावरून काढले तर यंत्र दुरुस्त होते काय? येथे तेच झाले होते. खरे बोलणाऱ्या सेन्सरला काढून टाकले होते.

मग आम्ही काही जण युनियनच्या कचेरीसमोर स्कॅनर लावून बसलो. संगणक आपल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतो आहे, हेही त्या यंत्रात दिसते. गाडी जागेवर मंद चालू असता हा आकडा वीसच्या घरात होता. अॅक्सिलरेटर दाबून एंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेले, तेव्हा पाचावर उतरला. याचा अर्थ सरळ आहे. भोक तेवढेच असते. एंजिन मंद असताना ते हवा थोडी घेते, म्हणून चोरवाटेने शिरलेल्या हवेचा वाटा मोठा. वेग वाढला की तो वाटा लहान. उलट दिसले असते, तर पेट्रोलच्या पंपाकडे किंवा फिल्टरकडे पाहावे लागले असते. शोधता शोधता बोटाएवढ्या जाडीची एक रबरी नळी चिरलेली सापडली. तिची किंमत सेन्सरच्या किमतीपुढे काहीच नव्हती.

दुसरे उदाहरण घ्या. गाडी मिसिंग करते आणि पी ०३०२ दिसते, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात जळण नीट होत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर गाडी बंद करून थंड होऊ द्यावी, दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी. आकडा पी ०३०३ झाला, तर कॉइल दोषी. तो दुसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर, काँप्रेशन यांची चौकशी करावी. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

येथे इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. दिवा स्थिर असेल, तर सावकाश घरी जाता येते. पण तो लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळत आहे असे समजावे आणि गाडी बाजूला घ्यावी. हा भाग फार महाग असतो. ऑइलचा लाल दिवा लागला, तर स्कॅनर शोधत बसू नये. एंजिन तत्काळ बंद करावे.

स्वस्त यंत्राला मर्यादाही आहेत. पी नंतर शून्य असलेले आकडे सर्व गाड्यांना सामाईक असतात. एक असला तर तो कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ पुष्कळदा कंपनीच्याच पुस्तिकेत. येथे प्रश्न हक्काचा होतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दोष शोधण्याची साधने आणि तांत्रिक माहिती त्यांनी स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुलेपणाने मिळू दिली नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे अपिले झाली. पण प्रश्न नीट मांडला गेला. गाडी आपण विकत घेतो, मग तिचे दुखणे जाणण्याचा अधिकार कोणाचा?

आणि आता थोडी टीका आपल्या स्वतःवर. गॅरेजातला पोरगा तासभर वाकून चिरलेली नळी शोधतो, तेव्हा आपण म्हणतो, “नळीच तर बदललीस, एवढी मजुरी कसली?” पण हजारोंचा सेन्सर बदलला, तर बिल मुकाट्याने भरतो. शोधण्याची मजुरी आपण देत नाही, म्हणून तो भाग विकतो. त्यात सगळा दोष त्याचा नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. स्कॅनर घ्या, पण मिस्त्रीला चोर ठरवायला घेऊ नका. कागदावर आकडा लिहून त्याच्याकडे जा, आणि “हा भाग बदल” असे न सांगता “याचे कारण शोध, शोधण्याचे पैसे वेगळे देतो” असे सांगा. तुमचे पैसे वाचतील, आणि त्याच्या डोक्याला मोल येईल.