काँक्रीटचं वय दिवसांत मोजू नका

नरडाणा हे धुळे जिल्ह्यातलं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे, दोन्ही इथूनच जातात. एमआयडीसीही झाली. धुळे-नरडाणा या नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी झाली आणि २०२४ मध्ये मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. तेव्हा या भागात पुढची कित्येक वर्षं काँक्रीटची कामं चालणार. अशा कामांवर देखरेख करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "साहेब, सेंटरिंग कधी खोलायची?"

नियम आहे. आयएस ४५६ सांगतं, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस ठेवा, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. पण ही मुदत साध्या सिमेंटसाठी आणि नीट पाणी मारलेल्या स्लॅबसाठी आहे. आज बाजारात मिळणारी बरीचशी पोती राखमिश्रित सिमेंटची असतात. त्याला सुरुवातीची ताकद सावकाश येते.

काँक्रीट वाळून घट्ट होतं, असा सार्वत्रिक समज आहे. तसं नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते, म्हणून ते घट्ट होतं. उष्णता वाढली की क्रिया वेग घेते, थंडीत ती मंदावते आणि पाणी आटलं की थांबते.

थंडी काय करते, हे अमेरिकेत दिसलं. २७ एप्रिल १९७८ रोजी वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथं वीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्याचं काम चालू होतं. कामगारांची परांची आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या आधारावर होती. गारठ्यामुळं त्यात पुरेशी ताकद आली नव्हती. ते तुटलं आणि ५१ कामगारांचा जीव गेला.

अशा अपघातांनंतर एका जुन्या कल्पनेकडं पुन्हा लक्ष गेलं. ती म्हणजे काँक्रीटचं वय नुसतं दिवसांत न मोजता तापमान आणि वेळ यांच्या गुणाकारात मोजायचं. सर्वांत सोप्या हिशेबात २० अंशांवर २४ तास म्हणजे ४८०, तर ४० अंशांवर तेच २४ तास म्हणजे ९६०. १९८७ मध्ये अमेरिकेत याची प्रमाणित पद्धत ठरली. काँक्रीट ओतण्याआधी सळईला तापमान मोजणारी तार बांधतात. त्याच मिश्रणाचे ठोकळे ठरावीक दिवसांनी दाबून फोडतात आणि किती आकड्याला किती ताकद येते, याचा आलेख आधीच तयार ठेवतात. मग स्लॅबला धक्का न लावता त्याच्या ताकदीचा अंदाज येतो. आता हे आकडे मोबाइलवरही पाहता येतात.

मग खानदेशच्या उन्हात काम लवकर उरकेल, असं वाटेल. इथंच फसगत होते. तार उष्णता मोजते, ओल मोजत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, वर कोरडा वारा. पृष्ठभाग काही तासांत कोरडा पडतो, भेगा जातात आणि यंत्रावरचा आकडा मात्र चढतच राहतो. शिवाय सुरुवातीला फार तापलेलं काँक्रीट पुढं ताकदीत मागं पडतं. प्रयोगशाळेतला ठोकळाही पूर्ण सत्य सांगत नाही, कारण तो २७ अंशांच्या पाण्यात बुडालेला असतो आणि आपला स्लॅब उन्हात असतो.

म्हणून उन्हाळ्यात शक्यतो संध्याकाळी स्लॅब भरा. पृष्ठभाग घट्ट होताच ओलं गोणपाट टाका किंवा आळी करून पाणी साठवा. कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस ओल ठेवा, असं आपलं मानक सांगतं. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला हे जड वाटतं, हे मला ठाऊक आहे. पाणी कमी असेल तर गोणपाटावर प्लास्टिक अंथरा, ओल टिकते.

टेकू काढायला स्लॅबखाली जातो तो रोजंदारीवरचा माणूस. त्यानं आत पाऊल टाकण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: ठोकळा किती भाराला फुटला, आणि गोणपाट आजवर ओलं होतं का? दोन्हीची उत्तरं मिळेपर्यंत टेकूला हात लावू नये.