घराची किंमत आणि ती सांगणारा माणूस
(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर जागेच्या किमतीचे बोलणे काहींना रुक्ष वाटेल. पण आपल्या काकतीत आज जागेचा विषय निघत नाही असे घर सापडायचे नाही. राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. शेजारून पुणे-बेंगळूर महामार्ग जातो आणि बेळगाव शहर दरवर्षी थोडे थोडे आपल्याकडे सरकते आहे. ज्या जमिनीचा हिशेब पूर्वी पोत्यांत व्हायचा, तो आता गुंठ्यांत होतो.

आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. कागदपत्रांशी रोजचा संबंध येतो, म्हणून हा विषय आमच्याकडे आला.

एकाच घराच्या तीन किमती असतात. पहिली सरकारी, म्हणजे गाईडन्स व्हॅल्यू. महाराष्ट्रातले पाहुणे तिला रेडी रेकनर म्हणतात. ती मुद्रांक शुल्कासाठी असते. दुसरी कट्ट्यावरची, ती ऐकणाऱ्याप्रमाणे बदलते. तिसरी मूल्यांकनकाराची, म्हणजे व्हॅल्युअरची. तो जागा पाहतो, मोजमाप घेतो, आसपासचे खरेदी-विक्रीचे व्यवहार तपासतो, बांधकामाच्या खर्चातून वयाप्रमाणे घसारा वजा करतो आणि सहीनिशी आकडा देतो. वाद झाला तर टिकायची ती हीच किंमत.

समजा, दोन भाऊ आणि एक बहीण यांचे वडिलोपार्जित घर आहे. भाऊ घर ठेवणार आणि बहिणीला तिचा तिसरा हिस्सा रोख देणार. २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे, त्यावर वाद नाही. पण किंमत ६० लाख लिहिली तर तिला २० लाख मिळतात, ९० लाख लिहिली तर ३० लाख. कायद्याने दिलेला हक्क एका आकड्याने दहा लाखांनी कमी होऊ शकतो. म्हणून आकडा लिहिणारा कोणाच्या बाजूचा आहे आणि तो चुकला तर त्याला विचारणारे कोण आहे, हे पाहावे लागते. डॉक्टर-वकिलांना जशी त्यांची परिषद विचारते, तसे याला विचारणारे कोण?

येथे व्यावसायिक संघटनांचे काम सुरू होते. लंडनची सर्वेक्षकांची संस्था १८६८ ची. अमेरिकेत तारण-बचत संस्था बुडाल्या, त्यात फुगवलेल्या मूल्यांकनांचाही हात होता. मग १९८९ च्या कायद्याने तिथे मूल्यांकनकाराला परवाना आला. आपली मुले तिकडे घर घेताना ज्याला ‘अप्रेझल’ म्हणतात, ते हेच. आपल्याकडे इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स १९६८ साली दिल्लीत स्थापन झाली. पुढे संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबीखाली नोंदणी आली. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण ती नोंदणी त्यानंतरही आयकराच्या कामी येत राहिली. जुने घर विकताना १ एप्रिल २००१ ची किंमत काढावी लागते, तेव्हा हा अहवाल लागतो. मात्र त्या तारखेचा सरकारी दर उपलब्ध असेल, तर किंमत त्याहून जास्त धरता येत नाही.

मोठा बदल २०१७ चा. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नियम आले आणि देखरेख आयबीबीआय या केंद्रीय मंडळाकडे गेली. आता जमीन व इमारत या वर्गात नोंदणी हवी असेल तर स्थापत्य, वास्तुकला किंवा नगररचनेची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त मूल्यांकनकार संघटनेचे सदस्यत्व, पन्नास तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा हेही आलेच. नुसत्या डिप्लोमावर ही नोंदणी मिळत नाही, हे आम्ही डिप्लोमावाले सांगतो आहोत! नियमांसोबत आचारसंहिताही आहे. गिऱ्हाइकाच्या सोयीचा आकडा देऊ नये, काम ‘जमले’ म्हणून वेगळी फी घेऊ नये, आपला हितसंबंध लपवू नये, कामाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्यात. तक्रार आयबीबीआयकडे करता येते आणि ते ती संघटनेकडे पाठवू शकतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही सक्ती मुख्यतः कंपनी कायदा आणि दिवाळखोरीच्या कामांसाठी आहे. आपले घरकर्ज किंवा घरातली वाटणी यांना ती थेट लागू नाही. बँक आपल्या पॅनेलवरचा माणूस पाठवते आणि तो बँकेच्या तारणाची काळजी घेतो, तुमच्या वाटणीची नव्हे. साऱ्या मूल्यांकनकारांसाठी एकच कायदा आणि एकच राष्ट्रीय संस्था असावी, अशी शिफारस एम. एस. साहू यांच्या समितीने २०२० साली केली. तोवर सावध राहणे आपल्याच हाती आहे.

तेव्हा एवढे करा. मूल्यांकनकाराला नोंदणी क्रमांक विचारा. तो जमीन-इमारतीचाच आहे ना, यंत्रसामग्रीचा नाही ना, हे बघा. कोणत्या संघटनेचा सदस्य आहे ते विचारा. फी आधी लिहून घ्या. ती किमतीच्या टक्क्यांवर ठरवू नका, कारण मग आकडा फुगवण्यात त्याचाच फायदा होतो. उतारा, खाते, बांधकाम परवानगी हे कागद त्याला दाखवा आणि अहवालात कोणत्या व्यवहारांशी तुलना केली ते लिहायला सांगा. वाटणी असेल तर माणूस सगळ्यांनी मिळून निवडा आणि अहवालाची प्रत प्रत्येकाला, बहिणीलाही, द्या. एकट्या थोरल्याने आणलेला आकडा कितीही खरा असला, तरी तो धाकट्याला पटत नाही.

आपल्या पिढ्या या मातीत राहिल्या. घरे विकली जातील, वाटली जातील, त्याला इलाज नाही. पण आकड्यावरून गौरी-गणपतीला बहीण माहेरी यायची थांबू नये, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!