दांत घासण्याचा प्रश्न

श्रोतेहो, “तुम्ही मुलाचे दांत दिवसांतून किती वेळां घासतां?” हा प्रश्न कानाला किती साधा वाटतो! परंतु कागद-पेन्सिल घेऊन पालघर, बोईसर, तारापूर या बाजूस घरोघर तो विचारूं लागलें, म्हणजे त्याचा अवघडपणा ध्यानांत येतो.

बालकांच्या दंतारोग्याविषयीं आईबापांस विचारावयाच्या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजींत जन्मतात आणि मग देशोदेशीं जातात. मलायी भाषेंतहि त्या गेल्या आहेत. दांत घासण्याला मलायींत ‘गोसोक गिगी’ म्हणतात. गोसोक म्हणजे घासणें, गिगी म्हणजे दांत. इंग्रजी क्रियापदांत ब्रश हें साधन मुळांतच असतें. मलायींत व आपल्या मराठींत क्रिया तेवढी राहते, साधन अध्याहृत राहतें.

याचा परिणाम पाहा. बोटावर राखुंडी घेतली तरी तें घासणेंच; बाभळीचें वा निंबाचें दांतवण चावलें तरी तें घासणेंच; आणि भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावणें, ज्यापासून मुलांस दूरच ठेवलें पाहिजे, तेंहि पुष्कळ घरांत घासणेंच! आई प्रामाणिकपणें “दोनदां” म्हणते, आणि अहवालांत नोंद होते कीं ब्रश व फ्लोराइडची पेस्ट दोन वेळां वापरली जाते. उलट “ब्रश करतां काय?” असें विचारावें, तर तान्ह्या बाळाच्या हिरड्या ओल्या फडक्यानें नित्य पुसणारी माता “नाहीं” म्हणेल आणि निष्काळजी ठरेल. एका शब्दाच्या चुकीनें एक घर निर्धोक ठरतें, दुसरें दोषी.

मग ‘तुम्ही’ म्हणजे कोण? तारापूरच्या कारखान्यांत आई पाळीवर जाते, तेव्हां बाळाचें तोंड आजी नाहीं तर थोरली बहीण धुते. म्हणून “बाळाचे दांत कोण घासतें?” हा प्रश्न आधीं हवा. शिवाय “रोज घासतां ना?” या प्रश्नाला लाजेनें होकारच मिळतो. “काल रात्रीं निजण्यापूर्वीं घासले होते काय?” असें विचारलें, तर उत्तर आठवणींतून येतें.

भाषाहि एक नाहीं. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा इकडे वारली बोली आहे. किनाऱ्यावर मांगेली व वाडवळी. बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांची हिंदी, तेथें दंतमंजनाला नुसतें ‘मंजन’ म्हणतात. पुस्तकी मराठीचा एकच कागद सर्वांस पुरणार नाहीं.

यावर शास्त्रानें वाट आंखून दिली आहे. २००० सालीं बीटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती नियमबद्ध करून मांडली. दोघांनीं स्वतंत्रपणें भाषांतर करावें. दोन्हींचा मेळ घालावा. मूळ न पाहिलेल्यांनीं तें पुन्हा मूळ भाषेंत आणावें. मग जाणत्यांनीं एकत्र बसून दोष काढावे. शेवटीं कांहीं मातांस प्रश्न वाचून दाखवावे आणि उत्तराबरोबरच “तुम्हांला यांतून काय समजलें?” हेंहि विचारावें. ही शेवटची पायरी घाईंत गाळली जाते, आणि तीच खरी कसोटी आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं? दुधाचे दांत वीस. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ते पुरे होतात. “पडणारच आहेत” म्हणून आपण त्यांकडे दुर्लक्ष करतों. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. सहाव्या वर्षीं त्यांच्यामागें, कोणताहि दांत न पडतां, पहिली कायमची दाढ येते आणि दुधाचीच समजली जाते. दाढ किडली कीं मूल जेवत नाहीं, निजत नाहीं, घरहि जागतें. पेस्ट तीन वर्षांखालीं तांदुळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच घ्यावी. वाड्याचा कोलम जेथें पिकतो, त्या जिल्ह्यांत हें पहिलें माप शिकवावें लागणार नाहीं. विचारावें मात्र त्याच शब्दांत.

श्रोतेहो, चुकीच्या प्रश्नाला खरें उत्तर देणारी आई खोटी ठरूं नये. आईची परीक्षा घेण्यापूर्वीं आपल्या प्रश्नाची परीक्षा घ्यावी, एवढेंच माझें मागणें आहे.